घरासाठी कमी प्रक्रियेचं, नैसर्गिक खाणं : नाशिकमध्ये कुठून आणि काय पाहून घेता?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मोठी आठ वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. घरातला किराणा बदलायचं बरेच दिवस मनात आहे, पण दुकानात उभं राहिलं की गोंधळ उडतो. सेंद्रिय, नैसर्गिक, केमिकल फ्री, देशी, गावरान, ए-टू (देशी गाईच्या दुधावर लिहितात ते)... यातला एखादा शब्द पाकिटावर आला की भाव दीडपट नाहीतर दुप्पट. सगळंच तसं घ्यायचं म्हटलं तर महिन्याचं गणित कोलमडतं, आणि जास्तीचे पैसे देऊन खरंच वेगळं काही हाती येतंय का हेही समजत नाही.

तर विचारायचंय ते असं. पैसे मोजकेच असतील तर आधी कोणत्या वस्तू बदलायच्या? नाशिकमध्ये त्या कुठून घ्यायच्या? आणि विकणाऱ्याला नेमकं काय विचारायचं? जाहिराती नकोत, तुमच्या घरात काय चालतं ते सांगा. मार्च तोंडावर आलाय, वर्षाचा गहू भरायचाय, म्हणून धान्याबद्दलही जरूर लिहा.

गोदाकाठ

चांगला विषय काढलास गं. मी पंचवटीतली. आमच्याकडे अजूनही भाजी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून येते.

तिथे आधी शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे ओळखायला शीक. जो एक-दोनच भाज्या पुढ्यात घेऊन बसलाय, ज्याच्या जुड्या लहान-मोठ्या आहेत, मुळांना माती आहे, तो बहुतेक घरचा माल घेऊन आलेला असतो. ज्याच्याकडे फ्लॉवर, ढोबळी, गाजर, बीन्स सगळं एकसारखं मांडलेलं आहे त्याने ते मार्केट यार्डातून उचललेलं असतं. दुसरा माणूस वाईट असतो असं अजिबात नाही, पण शेतात काय फवारलं, कधी फवारलं हे त्याला ठाऊक नसतं. पहिल्याला विचारलं तर तो सांगतो. ओळख झाली की आपणहून सांगतो, "मावशी, आज ही नका घेऊ, परवाच औषध मारलंय."

आणि ज्या दिवसांत जे येतं ते खा. आत्ता मेथी, वाटाणा, हरभऱ्याचा कोवळा पाला, चंदनबटवा, वालाच्या शेंगा आहेत. उन्हाळ्यात गवार, काकडी, लाल भोपळा. ऐन उन्हात फ्लॉवर पाहिजे म्हटलं की तो पिकवणाऱ्याला जास्त औषधं मारावीच लागणार.

सातपूरकर

आमचं घर एका पगारावर चालतं, त्यामुळे खर्चाच्या बाजूने लिहितो. नवीन काही आणायच्या आधी आम्ही यादीतून काढायला सुरुवात केली. बिस्किटं, चिप्स, मुलांची दुधात घालायची पावडर, नूडल्स, सॉस, पाकिटातला ज्यूस. या सगळ्याचे पैसे एका कागदावर मांडून पाहा. त्यातून घाण्याचं तेल आणि महिन्याची नागली (नाचणी) आरामात बसते, आमच्याकडे बसली. मुलं पहिले काही दिवस रुसली. मग घरी भाजलेले शेंगदाणे, गूळ-फुटाणे, पोह्यांचा चिवडा, उकडलेलं रताळं यावर आली.

आहारवेध

सातपूरकर दादांना पूर्ण अनुमोदन. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते की पाकिटं कमी करणं हा पहिला बदल, आणि त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. सेंद्रिय बिस्किट हेही शेवटी बिस्किटच.

जी पाकिटं घ्यावीच लागतात त्यांची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सर्वात जास्त ते पहिलं. 'मल्टिग्रेन' बिस्किटावर पहिला घटक 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा आहे, बाकीची धान्यं नावापुरती. यादीत टक्केवारीही असते, नाचणी ३ टक्के आणि ओट्स २ टक्के असं लिहिलेलं तुम्हाला दिसेल. ब्राउन ब्रेडच्या यादीत १५० हा आकडा दिसला तर तो रंग कॅरॅमलचा आहे. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग. आकडा दिसला म्हणजे विषच असं समजू नका. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याचा प्रकार. पण यादी जितकी लांब तितका तो पदार्थ स्वयंपाकघरापासून दूर, एवढा अंदाज बांधता येतो.

साखर वेगवेगळ्या नावांनी लपते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फळांचा कॉन्सन्ट्रेट. माल्टोडेक्स्ट्रिन नावाने साखर नसलं तरी रक्तातली साखर झपाट्याने चढवतं. 'नो ॲडेड शुगर' लिहिलं असलं तरी पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर किती ते पाहा आणि चारने भागा, तेवढे चहाचे चमचे. फळांच्या पाकीटबंद रसावर '१०० टक्के फळांचा रस' असा दावा करू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच (एफएसएसएआय) २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. आणि 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणतीही व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. हे मी प्रत्येक आईला सांगते.

तुमच्या धाकट्याला दोन वर्षांचा होईपर्यंत वरून साखर-गूळ काहीच नको. सासऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण याच गोष्टीने फार नुकसान होतं. गूळ, काकवी, मध, खडीसाखर, नारळाची साखर या सगळ्यांनी रक्तातली साखर वाढते. 'नैसर्गिक आहे' म्हणून मधुमेही माणसाच्या चहात गूळ चालत नाही.

रानजाई

आहारवेध ताई, हे आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे रोज गुळाचाच चहा घेतात.

सेंद्रियचं प्रमाणपत्र म्हणजे काय, तेही सांगाल का? आमच्या भागातल्या एका दुकानात सगळ्याच डब्यांवर 'ऑरगॅनिक' लिहिलंय. प्रमाणपत्र विचारलं तर दुकानदार म्हणाले, "विश्वास ठेवा."

आहारवेध

विश्वास शेजाऱ्यावर ठेवायचा असतो, पाकिटावर प्रमाणपत्र लागतं. देशात दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, यात बाहेरची संस्था येऊन तपासते, निर्यातीला हीच लागते. दुसरी पीजीएस-इंडिया, यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. पीजीएसमध्ये 'ग्रीन' म्हणजे शेत अजून रूपांतराच्या, रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या, काळात आहे, 'ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ संपलाय. गहू-डाळीसारख्या हंगामी पिकांना रूपांतराला दोन वर्षं लागतात, फळबागांना तीन. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक बघा.

यात एक सवलत आहे आणि ती आपल्या कामाची आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तो जैविक भारतचं चिन्ह मात्र लावू शकत नाही. म्हणजे बाजारात बसलेल्या शेतकऱ्याकडे कागद नसणं साहजिक आहे. चकचकीत दुकानात डबाबंद माल विकणाऱ्याकडे तो नसेल तर घेऊ नका.

बांधावरून

राम राम. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, थोडा टोमॅटो आणि घरापुरता भाजीपाला. शहरातली माणसं हा विषय काढतात तेव्हा आमची बाजू फार कमी ठिकाणी येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

द्राक्षं पूर्ण सेंद्रिय काढणं आपल्या भागात फार अवघड आहे. गोडी छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. त्यानंतर पाऊस लांबला की डाऊनी येतो, ढगाळ हवेत भुरी येते, दोन्ही बुरशीचे रोग. चार दिवस हयगय केली तर वर्षाचं पीक जातं आणि कर्ज तसंच राहतं. म्हणून आम्ही फवारतो. बोर्डो मिश्रण, गंधक, ट्रायकोडर्मा, दशपर्णी अशी सेंद्रिय शेतीत चालणारी औषधं सगळी वापरतो, आणि गरज पडली की रासायनिक बुरशीनाशकही वापरतो. जो म्हणतो 'माझी द्राक्षं शंभर टक्के केमिकल फ्री', त्याची बाग स्वतः जाऊन बघा. असे शेतकरी आहेत, पण मोजके, आणि त्यांचा माल आधीच बोललेला असतो.

तुम्ही विचारायचं ते हे की शेवटची फवारणी कधी झाली. प्रत्येक औषधाला काढणीपूर्वी थांबायचे दिवस ठरलेले असतात, आम्ही त्याला पीएचआय म्हणतो. ते दिवस पाळले की उर्वरित अंश मर्यादेच्या खाली येतात. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी करावी लागते आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. आपल्याकडचे बरेच शेतकरी त्या शिस्तीने काम करतात. त्याच बागेतला, मणी थोडा लहान किंवा रंगात कमी म्हणून निर्यातीला न गेलेला माल तुमच्या गाडीवर येतो. म्हणून गाडीवाल्याला नाही, शेतकऱ्याला गाठा आणि विचारा, "बाग निर्यातीला नोंदवलेली आहे का? रिपोर्ट आहे का?" रिपोर्ट असला तर आम्ही मोबाइलवर दाखवतो, त्यात आम्हाला अभिमान वाटतो.

'रेसिड्यू फ्री' हा शब्द ऐकाल. त्याचा अर्थ सेंद्रिय असा नाही. औषधं वापरली, पण काढणीच्या वेळी अंश मर्यादेच्या आत आहेत, इतकंच त्यात सांगितलेलं असतं. माझ्या मते बहुतेक घरांना परवडेल आणि बहुतेक शेतकऱ्यांना झेपेल असा मार्ग हाच आहे.

द्राक्षावर पांढरट लव दिसते ती औषधच असते असं नाही. मण्याच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, ताज्या मालाची ती खूण आहे. औषधाचे डाग ठिपक्या-ठिपक्यांचे, ओघळ आल्यासारखे दिसतात. बेदाणे घेताना पिवळेधमक नकोत, त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. जे काळपट-तपकिरी, नुसत्या उन्हात वाळवलेले असतात ते घ्या, दिसायला साधे पण खायला चांगले.

भाजीत वांगी, भेंडी, फ्लॉवर, ढोबळी, टोमॅटो यांना किडीमुळे फवारण्या जास्त पडतात. लाल भोपळा, सुरण, रताळं, कांदा, राजगिरा, अंबाडी यांना कमी. पैसे मोजकेच असतील तर पहिल्या गटातल्या भाज्यांसाठी ओळखीचा शेतकरी शोधा, दुसऱ्या गटातल्या कुठूनही घ्या. गिरणारे, मखमलाबाद, मातोरी हा पट्टा तुम्हाला जवळ आहे.

आणि एक मनापासून सांगतो. चांगला माल पाहिजे तर मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. कमी फवारलेल्या भाजीत किडका माल निघतो, तो आम्ही बांधावरच टाकतो. उरलेल्या मालातून तो खर्च निघाला नाही तर पुढच्या वेळी आम्हीही औषधाची बाटली उघडतो.

मखमलाबादी

बांधावरून दादा, मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली.

भाजी-फळं धुण्याबद्दल कोणी सांगेल का? बाजारात धुण्याची वेगवेगळी लिक्विडं मिळतात.

आहारवेध

लिक्विडं नकोत, साबण तर मुळीच नको. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की बरंच निघतं. द्राक्षं, सफरचंद, टोमॅटो यांच्यासाठी लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घाला, बारा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. हे पृष्ठभागावरच्या औषधापुरतं झालं. आंतरप्रवाही औषध गरात गेलेलं असतं, ते कशानेच धुतलं जात नाही. म्हणून बांधावरून दादांनी सांगितलेला प्रश्न आधी, सोडा नंतर.

रानजाई

आता तेल. आमच्याकडे महिन्याला पाच लिटर रिफाइन्ड सूर्यफूल लागतं. लाकडी घाण्याचं तेल आमच्या आसपास तीन-चार ठिकाणी मिळतं आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. खरं कोणतं?

कसमादेकर

भावावरूनच ओळखता येतं ताई. लाकडी घाण्यावर एक किलो शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. त्या दिवसाचा शेंगदाण्याचा भाव विचारा. समजा तो १३० रुपये आहे. अडीचने गुणलं की सव्वातीनशे झाले. दीड किलोच्या आसपास पेंड उरते, तिचे पैसे त्यातून वजा करा आणि दळणावळ, वीज, बाटली मिळवा. या हिशेबाने भाव तीनशेच्या आसपास किंवा वरच जाणार. कोणी २०० ला 'शुद्ध घाणा' देत असेल तर त्याला ते परवडतं कसं, हा प्रश्न त्यालाच विचारा.

आमच्या मालेगाव-सटाणा भागातली माणसं अजून स्वतःचे शेंगदाणे घेऊन घाण्यावर जातात आणि समोर बसून गाळून आणतात. नाशिकमध्येही काही घाणेवाले तुमचे दाणे घेऊन तेल काढून देतात, आधी विचारून जायचं. पेंड आपल्यालाच मिळते. ती गवळ्याला द्या, तो खूश.

आहारवेध

कसमादेकर दादांचा हिशेब सोन्यासारखा आहे. फक्त दाणे निवडून न्या. बुरशी लागलेल्या, सुरकुतलेल्या, काळपट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. रिफायनिंगमध्ये ते निघून जातं, घाण्याच्या तेलात राहतं. म्हणून घाण्याचं तेल घेताना दाणे डोळ्यांनी पाहणं हा खरा मुद्दा आहे. लाकडी की लोखंडी हा नंतरचा.

दुसरं असं की सहा माणसांना, त्यातही एक सव्वा वर्षाचं बाळ, पाच लिटर तेल जास्त होतं. साडेतीन-चारवर आणा. तेवढ्यात घाण्याच्या तेलाचा वाढीव खर्चही बराचसा भरून निघेल. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, अंधारात ठेवा आणि महिना-दीड महिन्याचंच घ्या.

डोंगरवाट

मी सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे, दर आठवड्याला नाशिकला येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या वस्तूंबद्दल लिहितो, कारण नाशिककर दूरदेशीचं किनोआ विकत घेतात आणि पेठ-सुरगाण्याची नागली घेत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नागली, वरई, उडीद, कुळीथ, खुरासणी (कारळं) ही आमच्याकडची डोंगरउतारावरची पिकं. बहुतेक शेतात रासायनिक खत जातच नाही किंवा नावापुरतं जातं. परवडत नाही हे एक कारण, आणि नागलीला त्याची फारशी गरज पडत नाही हे दुसरं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात ४० च्या आसपास. तुमच्या धाकट्यासाठी नागली रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजा आणि दळा. मोड आणल्याने त्यातलं लोह-कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. गाळून काढलेल्या सत्त्वात चोथा टाकून दिला जातो, म्हणून मोडाचं पूर्ण पीठच बरं. दाणे गडद विटकरी रंगाचे, खडे नसलेले बघा. पीठ विकत घेण्यापेक्षा दाणे घ्या.

खुरासणीचं तेल आणि चटणी हा आमच्याकडचा रोजचा स्वाद. लसूण, मिरची, मीठ घालून कोरडी चटणी करा, सातपूरकर दादांच्या मुलांनाही आवडेल.

तांदूळ हवा असेल तर घोटी-इगतपुरीकडे जा. इंद्रायणी सगळ्यांना माहीत आहे, पण गरी-कोळपी मिळाला तर सोडू नका. हातसडीचा घेतला तर थोडाच घ्या, कोंड्यातल्या तेलामुळे त्याला लवकर खवट वास येतो.

पाऊस सुरू झाला की रानभाज्या येतात. कर्टुली, कुर्डू, टाकळा, शेवळं, भारंगी. बायका पहाटेच्या गाडीने शहरात घेऊन येतात. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो, तिथे भाज्या ओळखायला शिका आणि करायची रीतही विचारून घ्या. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, त्यात काकड नावाच्या झाडाची फळं किंवा चिंच लागते. न ओळखणारी भाजी अंदाजाने खाऊ नका.

सातपूरकर

सर, रेशनच्या तांदळात वेगळे दाणे निघतात, पिवळट, थोडे गुळगुळीत. आमच्या वस्तीत लोक प्लास्टिक म्हणून निवडून फेकतात.

डोंगरवाट

कृपया फेकू देऊ नका. तो फोर्टिफाइड तांदूळ. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते दाणे बनवतात आणि शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. शाळेच्या पोषण आहारातही तो आलेला आहे. पाण्यावर तरंगतात म्हणून पालक घाबरतात, आम्ही शाळेत शिजवून दाखवतो.

मखमलाबादी

दुधाचं काय? आमच्याकडे एक जण ए-टू म्हणून दुप्पट भावाने देतो.

कसमादेकर

भाऊ, दूध ताजं आहे का, पाणी घातलेलं आहे का, जनावर आजारी असताना इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध बाजूला काढतात, हे विचारा. ए-टूच्या दाव्यांवर तर सरकारी पातळीवरच एकमत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने हे दावे काढायला सांगितले आणि आठवडाभरात तो आदेश मागेही घेतला. पिशवीचं दूध घेत असाल तर टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, फुल क्रीममध्ये ६ टक्के. सासऱ्यांना टोन्ड आणि मुलांना फुल क्रीम इतकी साधी विभागणी पुरते. गवळ्याचं कच्चं दूध असेल तर उकळल्याशिवाय कोणालाच देऊ नका.

गोदाकाठ

गुळाचं राहिलं. पांढरट-पिवळा, चकचकीत गूळ घेऊ नका. रस साफ करायला पूर्वी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायचे, आता रंग उजळायला हायड्रोस पावडर घालतात. काळपट, जरा मऊ गूळ चांगला. हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या. भडक पिवळ्या सुट्या हळदीत शिशाचा रंग मिसळलेला सापडतो.

मीठ मात्र आम्ही सैंधवच वापरतो, ते नैसर्गिक असतं.

आहारवेध

काकू, बाकी सगळं पटलं, मिठाचं नाही. सैंधवात आयोडीन पुरेसं नसतं. घरात वाढती मुलं असताना रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवं. सैंधव उपासाला, ताकाला वापरा. आणि कुठलंही असो, माणशी दिवसाला एका चहाच्या चमच्याच्या आत. सासऱ्यांच्या रक्तदाबासाठी मिठाचा प्रकार बदलण्यापेक्षा पापड-लोणचं कमी करण्याचा उपयोग जास्त होईल.

गोदाकाठ

बरं बाई, मुलं असलेल्या घरात तसंच करावं. सुनेलाही सांगते.

आता साठवणीचं. गहू कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच कोठीत भरायचा. गरम भरला की घाम धरतो आणि किडतो. मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. डाळींना आणि तांदळाला एरंडेलाचा हलका हात. बोरिक पावडर चोळायची पद्धत दिसते, ती बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही जण शेतातल्या गोदामासाठी असलेल्या गोळ्या घरात आणून कोठीत टाकतात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, त्यातून निघणाऱ्या वायूने झोपेत माणसं दगावलेली आहेत. घरात त्या कधीच आणू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

रानजाई

काकू, हे मी आमच्या इमारतीच्या गटावर टाकलं. एका घरी खरंच त्या गोळ्या होत्या, त्यांनी आजच परत केल्या.

आमच्या मजल्यावरची पाच घरं मिळून गहू घ्यायला तयार झालोय. बांधावरून दादा, कोणता घेऊ? सगळे शरबती म्हणतात, पण भाव फार आहे. खपली मधुमेहाला चांगला म्हणतात, ते खरं का?

बांधावरून

शरबती बाहेरून येतो, वाहतूक आणि नाव यांचे पैसे त्यात असतात. आपल्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे किती तरी वाण दिलेत. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, आणि बन्सी प्रकारातला गोदावरी. पोळीला त्र्यंबक किंवा तपोवन घ्या. रवा, शेवया, लापशीला गोदावरी. लोकवन आणि २१८९ तर बायका पिढ्यान्‌पिढ्या मागतात. खपलीचा चोथा जास्त, चवही छान, पण पोळी जरा तुटते आणि भाव वर असतो.

आहारवेध

खपलीने साखर थोडी सावकाश चढते, पण तोही गहूच. सासऱ्यांच्या ताटात तीनच्या दोन पोळ्या आणि एक वाटी उसळ जास्त, याने जे होईल ते खपलीने होणार नाही. एका वेळी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी करा. बाजरीचं पीठ चार-पाच दिवसांपुरतंच दळा, नाहीतर कडू होतं.

बांधावरून

गहू मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यायला या, तोवर शेतात पुरता वाळलेला असतो. दाणा दाताखाली धरा, कट्टकन तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, आठवडाभर थांबा. तुमच्या घराला सहा माणसांत, भाकरीही होत असेल तर, दोन क्विंटल भरपूर. पाच घरांचा एकत्र असला तर शेतकरी चाळणी मारून देतो, हमालीही वाचते. गोण्या स्वतःच्या आणा, खताच्या रिकाम्या गोण्यांत अजिबात भरून घेऊ नका. पैसे वजन झाल्यावर द्या, आणि येताना मुलांनाही आणा.

आमच्या शेजारच्या गावात एक शेतकरी घरखर्चापुरता गहू जीवामृतावर (शेण-गोमूत्राच्या घरच्या खतावर) करतो, दहा-बारा क्विंटल विकायला निघतो. प्रमाणपत्र नाही, शेत मात्र उघडं आहे, कधीही बघून घ्या. त्याच्याशी बोलून ठेवतो आणि संपर्क तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवतो.

रानजाई

दादा, निरोप मिळाला. शेजारणींशी बोलले, गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी येतो. दहा गोण्या धरा, त्यातली एक गोदावरीची. आणि द्राक्षं असतील तर रिपोर्टही बघायचाय.

बांधावरून

दहा धरल्या. बाग तोवर चालू आहे, रिपोर्ट छापून ठेवतो. सकाळी नऊच्या आत या, नंतर ऊन फार होतं.